आखणीचे डोळे

१

पुंडलिकशेठच्या कारखान्यातलं मॉडेल सोमवारी सकाळी नाहीसं झालेलं आढळलं, आणि मंगळवार उजाडेपर्यंत फौजदार दिनानाथ सावंतांनी चोर पकडून, कोर्टातून कोठडी मिळवून, वर दोन वार्ताहरांना चहाही पाजला होता. पेणमध्ये इतक्या झटपट तपास लागल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, दिनानाथच्या तर नव्हतंच.

पेणच्या गणपती कारखान्यात मॉडेल म्हणजे वर्षाचा जीव. शाडूची एक मूर्ती हाताने घडवायची, तिच्यावरून रबरी साचा करायचा आणि त्या साच्यातून शेकडो मूर्ती काढायच्या. यंदाचं मॉडेल अजून ओलं होतं आणि मागच्या खोलीत फळीवर ठेवलेलं होतं. सोमवारी फळी तेवढी राहिली. दिनानाथने खोली पाहिली तेव्हा फळीवर ओल होती, पण खाली मातीचा कणसुद्धा पडलेला नव्हता. चोर सफाईदार दिसतो, असं म्हणून त्याने विषय संपवला.

"माझं वर्ष बुडवलं हो," पुंडलिकशेठ म्हणाले. शिमग्यात पडून मोडलेल्या उजव्या मनगटाला अजून पट्टा होता, त्यामुळे कपाळावर हातही डावाच मारावा लागला. "माझ्या हातचं काम होतं ते."

साक्षीदार होत्या चंद्रावतीबाई. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्या करायच्या. नवऱ्यामागे या कामावर त्यांनी मुलींची लग्नं केली होती, आणि त्यांनी डोळे आखलेल्या मूर्तीसमोर उभं राहिलं की आपण बघतोय की आपल्याकडे बघितलं जातंय, हे कळेनासं व्हायचं. रविवारी अर्धा दिवस काम असतं. विसरलेला डबा न्यायला त्या संध्याकाळी परत आल्या, तेव्हा वीज गेली होती. मागच्या दारातून एक माणूस कवेत काहीतरी घेऊन बाहेर पडला. तोंडाला रुमाल, वर फक्त डोळे. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. कुणीतरी गिऱ्हाईक असेल म्हणून त्या घरी गेल्या.

"डोळे बघितलं मी त्याचं," त्या म्हणाल्या. "डोळे मी नाय विसरत."

दिनानाथला कल्पना सुचली. ज्या बाईचा हात डोळ्यांवर बसलाय तिच्याकडूनच डोळे काढून घेतले तर? चंद्रावतीबाईंनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर बारीक ब्रशने डोळे आखून दिले. लांब, पाणीदार, वरची पापणी किंचित झुकलेली. पुंडलिकशेठनी कागद पाहिला आणि लगेच म्हणाले, "हा तर काल दुपारी कच्चा माल, बिनरंगाच्या मूर्ती, न्यायला आलेला टेम्पोवाला. रोह्याचा. पहिल्यांदाच आला होता."

टेम्पोवाला इक्बाल सापडला, आणि त्याचे डोळे खरोखर तसेच होते. शेठनी माल भरून दिल्यावर तो थेट रोह्याला गेला म्हणत होता. वाटेत गडबला चहा प्यायलो म्हणाला, पण चहावाल्याला तो आठवत नव्हता. दिनानाथने त्याला कारखान्यात नेऊन उभा केला. चंद्रावतीबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि हाच तो, अशी मान डोलावली.

"शाबास, बाई," दिनानाथ म्हणाला. बुधवारी नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली की झालं.

२

मंगळवारी दुपारी इक्बालची आई हलीमाबी चौकीत आली. ती रडली नाही, ओरडली नाही. टेबलासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "साहेब, शनिवारी पोरगा मस्कतला चाललाय. व्हिसा आलाय. बाप तिकडंच वारला त्याचा. गुन्हा लागला तर ह्या जन्मात तिकडं पाय नाय ठेवता येणार. एकदाच नीट बघा, मग काय ते करा."

तिच्यामागे एक बाई उभी होती. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायची तयारी.

"ही मैनाताई," हलीमाबी म्हणाली. "रोह्याजवळ वरश्याला आमच्या शेजारी राहते. कॉलेजात शिकवते."

डॉ. मैना ठाकूर मूळच्या गडबच्या. बाप भातशेती करायचा, मुलगी माणसाच्या आठवणीवर संशोधन करू लागली. गावाला ते काम काय असतं हे अजून नीट कळलेलं नव्हतं, पण नावाआधी डॉक्टर लागल्यामुळे गुडघेदुखीवाले तिच्याकडे जाऊन यायचे.

"म्हणजे तुम्ही गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास करता," दिनानाथ म्हणाला.

"पूर्वी तेवढाच व्हायचा. आता साक्षीदाराच्या मनाचा होतो, न्यायाधीशाच्या होतो. पोलिसांच्याही."

हे शेवटचं दिनानाथला अजिबात आवडलं नाही. पण बाई टोमणा मारत नव्हती, हवामान सांगावं तसं सांगत होती. तिने विचारलं, "डोळे काढल्यावर इक्बालचं नाव आधी कोण बोललं?"

"पुंडलिकशेठ."

"चंद्रावतीबाई नाही?"

"नाही. पण नंतर समोर आणला तर ओळखला की."

"एकट्यालाच उभा केला होतात? आणि ओळखल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

दिनानाथने टेबलावरची फाईल सरळ केली. मग म्हणाला, "शाबास म्हणालो."

मैनाताईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दोष देण्याचा भाव नव्हता, आणि तेच जास्त टोचलं. ती म्हणाली, "बाहेरच्या देशांत वर्षानुवर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटलेल्यांच्या कितीतरी खटल्यांच्या मुळाशी साक्षीदाराची चूक निघाली. त्यातले बहुतेक साक्षीदार प्रामाणिक होते, साहेब. खोटारडे नव्हते. म्हणून आता सांगतात, परेड घेणाऱ्यालाच संशयित कोण ते माहीत नसावं. साक्षीदाराला शाबासकी देऊ नये. शाबासकीने खात्री वाढते, आठवण नाही वाढत."

"उद्या परेड आहे," दिनानाथ म्हणाला.

"म्हणून तर आज चंद्रावतीबाईंना भेटू द्या. इक्बालबद्दल एक शब्द विचारणार नाही."

वरिष्ठांनी सकाळीच फोन करून पाठ थोपटली होती. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पण हलीमाबी अजून उभीच होती, आणि दिनानाथने टोपी उचलली.

३

कारखान्यात साचेवाला जनू प्लास्टर कालवत होता. हलीमाबीही बरोबर आली होती, ती दाराशी टेकली. मैनाताईने त्याला विचारलं, मॉडेल कसं होतं?

"काय सांगू, ताई. सोंड अशी वळवलेली की वाटावं आता हलंल. मी साच्यातला माणूस, मला माती नाय जमत. पण चांगलं काय ते कळतं."

"घडवताना बघितलंत?"

"शेठ दार लावून काम करतात. आम्हाला तयारच दिसलं."

मग मैनाताई चंद्रावतीबाईंसमोर जमिनीवर बसली. अर्धा तास ती फक्त त्यांचं काम बघत होती, आणि त्या बघण्यात इतका आदर होता की बाईंचा हात आणखी जपून चालू लागला. शेवटी ती म्हणाली, "बाई, एक गंमत करू. फौजदारसाहेब बाहेर जातील. तुम्ही आठवणीने त्यांचे डोळे काढा."

दिनानाथ बाहेर जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा कागदावर दोन डोळे होते. लांब, पाणीदार, पापणी किंचित झुकलेली. जनू खाली मान घालून हसत होता, कारण दिनानाथचे डोळे मुळात असे बारीक की साहेब जागे आहेत की झोपलेत यावर चौकीत पैजा लागायच्या.

"आता हलीमाबींचे काढा," मैनाताई म्हणाली. ते काढले. मग जनूचे. मग बाईंच्या वारलेल्या नवऱ्याचे.

चारही कागद शेजारी शेजारी मांडले. चारही माणसांचे डोळे एकच होते. लग्नपत्रिकेच्या पाठीवर होते तेच.

"ह्या हिशेबाने मलाच अटक करायला हवी," दिनानाथ पुटपुटला.

चंद्रावतीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे मी खोटं बोलले?"

"नाही, बाई," मैनाताईने त्यांचा हात धरला. "तुम्हाला दिसलं तेच सांगावं म्हणून तुम्ही ब्रश धरलात. पण तुमच्या हाताला एकच डोळे येतात, आयुष्यभर तेच आखलेत. रुमालाच्या वरचं जे अंधारात नीट दिसलं नाही ते हाताने भरून काढलं. नंतर तो कागदच तुम्हाला आठवण वाटायला लागला. माझ्या शोधनिबंधांत असली उदाहरणं चष्मा विसरलेल्या साक्षीदारांची, घाईतल्या वर्दीवाल्यांची आहेत. तुमच्यासारखं मी कुठे वाचलेलं नाही."

"पोरगं आत बसलंय माझ्यापायी."

"हो," मैनाताई म्हणाली. खोटा धीर तिने दिला नाही. "म्हणून आता डोळे सोडून द्या. बाकीचं काय दिसलं ते सांगाल?"

४

बाईंना तिने मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी, रविवारी उभ्या होत्या तिथेच बसवलं. दिवस कलला होता. वीज मुद्दाम घालवली. डोळे मिटायला सांगितले, आणि वास कुठला येत होता, पायाखाली काय होतं, असं विचारत ती बाईंना हळूहळू त्या संध्याकाळी घेऊन गेली.

"आता शेवटाकडून सुरुवातीकडे या. आठवलं नाही तर नाही म्हणा. अंदाज नको."

दिनानाथला दोनदा प्रश्न विचारायची उबळ आली. दोन्ही वेळा मैनाताईने न बघता हात वर केला.

"मोटारसायकल गेली," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी त्यानं ती वस्तू पुढं टाकीवर घेतली, पोराला बसवावं तशी. त्याच्या आधी दार. दार अडकतं आमचं. त्यानं खालून गुडघा दिला, उचललं आणि मग लोटलं." त्या थांबल्या. "वस्तूवर फडका होता. पाणी ठिबकत होतं त्याचं. एक हात बुडाखाली, दुसरा पाठीला. पुढून हात नाय लावला कुठं."

मग त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "केमिकल कंपनीचा वास होता त्याला. धाटावच्या बसमधून माणसं उतरतात ना, तो."

"झालं, बाई," मैनाताई हळूच म्हणाली. "हे सगळं तुमचंच आहे."

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. दिनानाथ येरझाऱ्या घालू लागला. ओली मूर्ती पुढून धरली की सोंड नाहीतर हात मोडतो, आणि खाली तर कणही पडला नव्हता. दार उचलून लोटायचं हे बाहेरच्याला कळणार नाही. आणि चोरी करून पळताना माती तडकू नये म्हणून ओला फडका टाकायची काळजी कोण घेईल? ज्याला ती मूर्ती विकायची नव्हती, जपायची होती.

"रुमाल तोंड लपवायला नव्हताच," तो म्हणाला. "धाटावहून मोटारसायकलवर येणारा प्रत्येक जण धुळीसाठी बांधतो. मूर्तिकाम येणारा, ह्या कारखान्याचा माहीतगार, पण आता कंपनीत. आणि चंद्रावतीबाई इथे येण्याच्या आधी सोडून गेलेला, नाहीतर चालीवरून ओळखला असता."

मैनाताई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. "मी आठवणीपुरती, साहेब. पुढचं तुमचं. पण एक विचारू? माती ओली होती म्हणजे ताजी होती. ती मळली कुणी?"

दिनानाथ जागच्या जागी थांबला. कपाळावर मारलेला डावा हात त्याच्या डोळ्यांसमोर आला. शिमग्यापासून ज्या माणसाला चहाचा कप उजव्या हातात धरता येत नाही, त्याने दार लावून शाडूची सोंड कशी वळवली?

५

पुंडलिकशेठ आधी हसले, मग चिडले, मग पाणी प्यायले. मॉडेल माझंच, डाव्या हाताने केलं, म्हणाले. इथे पूर्वी मूर्तिकार कोण होता, या प्रश्नावर त्यांना एकाएकी काही आठवेना. जनूला मात्र आठवलं. "काळुराम. शेठशी बिनसलं आणि धाटावला लागला. आता वरश्याला राहतो."

वरश्याला काळुरामच्या घरी त्याची बायको हौसा दारातच उभी राहिली. "ते कंपनीत हायत. दुरुस्तीचं शटडाऊन चालू हाय, सोमवारपासून डबल ड्युटी. आत फोन नेऊ देत नाय. घरी निस्ते झोपायला येतात." घरात यायला तिने कुणाला सांगितलं नाही, आणि दिनानाथकडे घर तपासायचा कागद नव्हता.

मैनाताई म्हणाली, "वैनी, त्यांना एवढंच सांगा. मूर्तीपायी हलीमाबींचा इक्बाल आत आहे. उद्या त्याची ओळख परेड आहे."

हौसाच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. पण तिने दार लोटून घेतलं.

परतीच्या वाटेवर दिनानाथ म्हणाला, "हातात काहीच नाही. परेडचा हुकूम निघालाय, ती होणार. बाईंनी पुन्हा त्याच्याकडे बोट दाखवलं तर कोर्ट तुमचे चार कागद बघणार नाही. मी सांगून ठेवू का त्यांना, काय बोलायचं ते?"

"म्हणजे तेच परत," मैनाताई म्हणाली. "काल तुम्ही बाईंना 'हो' म्हणायला शिकवलंत. उद्या 'नाही' म्हणायला शिकवणार?"

दिनानाथने गाडी पेणच्या रस्त्याला लावली.

६

बुधवारी सकाळी तहसील कचेरीत सारख्या वयाचे, सारख्या बांध्याचे तरुण एका ओळीत उभे होते. दिनानाथला आत यायची परवानगी नव्हती. तो व्हरांड्यात उभा होता. चंद्रावतीबाई त्याच्या शेजारून गेल्या तेव्हा एक शब्द टाकणं सहज शक्य होतं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. नायब तहसीलदारांनी विचारलं, "यात रविवारी पाहिलेला माणूस आहे?"

चंद्रावतीबाई ओळीपुढून शेवटापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. इक्बालसमोर थांबल्या.

"ह्याला मी ओळखते," त्या म्हणाल्या. "दुपारी माल न्यायला आला होता आणि परवा फौजदारांनी माझ्यापुढं आणला होता. म्हणून ओळखते. संध्याकाळचा माणूस हा हाय की नाय, ते मला ठाव नाय, साहेब. मी डोळे काढून दिलं ते माझ्या हाताचं होतं, त्याचं नव्हतं. चूक माझी हाय. तसंच लिहा."

"बाई, तुम्ही पोलिसांना वेगळं सांगितलं होतंत."

"व्हय. तेव्हा मला खरं वाटलं होतं."

ज्या बाईचं नाव पेणपासून पनवेलपर्यंत तिच्या नजरेवर चालतं, ती सरकारी साहेबासमोर माझी नजर चुकली म्हणून सांगत होती. दिनानाथने आयुष्यात पुष्कळ शूर माणसं पाहिली होती, त्यातल्या दोघांना पदकंही मिळाली होती. त्यांच्यापैकी कुणाला हे जमलं असतं का, याची त्याला शंका वाटली.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. कंपनीच्या कपड्यांतला, झोप न झालेला एक माणूस उतरला. मांडीवर घेतलेली मूर्ती त्याने एक हात बुडाखाली, एक पाठीला लावून अलगद उचलली. वर ओला फडका होता.

"काळुराम," तो म्हणाला. "पोराला सोडा. मी घेतलंय."

चार वाक्यांत त्याने सगळं सांगितलं. हात मोडल्यावर शेठ घरी आले, गयावया केली. कामावरून आल्यावर घरीच रोज थोडं थोडं करत त्याने मॉडेल घडवलं, खाली नाव काळुरामचंच टाकायचं असं ठरलं होतं. रविवारी बघायला गेला तर पाठीमागे पुंडलिकशेठनी स्वतःचं नाव कोरून घेतलेलं. "डोकं फिरलं माझं. वाटलं, शेठला कळंल कुणी नेलं ते, तक्रार कशी करंल? पोराचं मला काल बायको बोलली तेव्हा कळलं."

शेठला कळलं होतंच. काळुरामचं नाव घेतलं असतं तर मॉडेल कुणाचं हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा परगावचा एक टेम्पोवाला त्यांना स्वस्त वाटला. आता त्यांना बोलावणं धाडलं होतं, आणि दिनानाथने ठरवलं होतं की या वेळी आपण कमी बोलायचं आणि त्यांना बोलू द्यायचं.

दुपारी कोर्टाचा हुकूम आला आणि इक्बाल बाहेर पडला. हलीमाबीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग मैनाताईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन नुसती उभी राहिली. चंद्रावतीबाई लांब, झाडाखाली होत्या. इक्बाल आपणहून त्यांच्याकडे गेला. त्यांना मान वर करवेना.

"मावशी," तो म्हणाला, "शनिवारी चाललोय मी. असं तोंड फिरवून नका धाडू."

चंद्रावतीबाईंनी वर पाहिलं. त्याची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ, सावकाश बघत राहिल्या.

"डावा डोळा बारीक हाय रे तुझा," त्या म्हणाल्या. "आणि पापणीवर तीळ हाय."

दिनानाथही पुढे झाला. दोन दिवस त्याने त्या पोराला समोर बसवून प्रश्न विचारले होते. तीळ चांगला मोठा होता.